न मिटलेल्या हिशेबाचा कायदा

१७ जानेवारी २०२४ रोजी आयर्लंडच्या सरकारने ब्रिटनविरुद्ध स्ट्रासबर्ग येथील युरोपीय मानवी हक्क न्यायालयात तक्रार दाखल केली. या न्यायालयापुढे येणारी बहुतेक प्रकरणे नागरिकांनी आपल्याच देशाच्या सरकारविरुद्ध आणलेली असतात, एका देशाने दुसऱ्या देशाला तेथे उभे करणे हा अपवाद असतो. आणि ज्या दोन देशांनी पंचवीस वर्षे एकमेकांच्या साह्याने एक अवघड शांतता जपली, त्यांच्यापैकी एकाने दुसऱ्याविरुद्ध हे पाऊल उचलावे, ही गोष्ट नेहमीच्या राजनैतिक कुरबुरीच्या पलीकडची होती. वादाचे कारण होता ब्रिटिश संसदेने केलेला आणि १८ सप्टेंबर २०२३ रोजी राजाची संमती मिळालेला एक कायदा. उत्तर आयर्लंडमध्ये १ जानेवारी १९६६ ते १० एप्रिल १९९८ या काळात झालेल्या राजकीय हिंसाचारातील खून, स्फोट आणि छळ यांच्या प्रकरणांचे यापुढे काय करायचे, हे त्या कायद्याने ठरवले. संघर्षाने मागे ठेवलेल्या देण्याघेण्याचा तो कायदा असल्यामुळे त्याला ‘वारसा कायदा’ म्हणतात. तक्रार करण्याचा निर्णय डिसेंबर २०२३ मध्ये ज्या मंत्रिमंडळाने घेतला त्याचे पंतप्रधान लिओ वराडकर होते. त्यांच्या वडिलांचे घराणे सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण तालुक्यातल्या वराड गावचे असल्याने त्यांचे नाव मराठी वाचकांना परके नाही. मात्र त्यांच्या मंत्रिमंडळाने कोणत्या प्रश्नात हात घातला होता, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

१९२१ मध्ये आयर्लंड बेटाची फाळणी झाली, दक्षिणेकडचा मोठा भाग स्वतंत्र होण्याच्या मार्गाला लागला आणि ईशान्येकडील सहा परगणे ‘उत्तर आयर्लंड’ म्हणून ब्रिटनमध्ये राहिले. तेथील बहुसंख्य प्रॉटेस्टंटांना ब्रिटनशी जोडलेले राहायचे होते, तर अल्पसंख्य कॅथलिकांपैकी बहुतेकांना संयुक्त आयर्लंड हवे होते. घरे, नोकऱ्या आणि स्थानिक मतदान यांत कॅथलिकांशी होणाऱ्या भेदभावाविरुद्ध १९६८ च्या सुमारास नागरी हक्कांची चळवळ उभी राहिली, ती दडपण्याचे प्रयत्न झाले, १९६९ च्या ऑगस्टमध्ये ब्रिटिश सैन्य रस्त्यांवर उतरले आणि पुढची तीस वर्षे रक्तपात चालू राहिला. इंग्रजीत ज्याला ‘द ट्रबल्स’ म्हणतात त्या या संघर्षात साडेतीन हजारांहून अधिक माणसे मारली गेली, आणि ज्या प्रदेशाची लोकसंख्या तेव्हा जेमतेम पंधरा लाख होती तेथे याचा अर्थ असा की मृत्यूची झळ न लागलेली वस्ती सापडणे कठीण होते. मृतांपैकी सुमारे साठ टक्के माणसे आयरिश रिपब्लिकन आर्मी म्हणजे आयआरए आणि तत्सम रिपब्लिकन सशस्त्र संघटनांनी मारली, सुमारे तीस टक्के ब्रिटननिष्ठ सशस्त्र संघटनांनी आणि सुमारे दहा टक्के सैन्य व पोलीस यांनी. वारसा कायद्याच्या चर्चेत प्रत्येक पक्ष यांपैकी आपल्या सोयीचा एकच आकडा पुढे करतो, म्हणून हे तिन्ही आकडे वाचकाने एकत्र ध्यानात ठेवायला हवेत.

१० एप्रिल १९९८ रोजी झालेल्या ‘गुड फ्रायडे’ कराराने हा संघर्ष थांबवला. सत्तावाटप, सीमा, पोलीस दल, शस्त्रत्याग अशा अनेक बाबींवर त्यात तपशीलवार कलमे होती, पण झालेल्या खुनांचा तपास कोण आणि कसा करणार, याची व्यवस्था त्यात नव्हती; ती घालण्याचा आग्रह धरला असता तर बहुधा करारच झाला नसता. कैद्यांबद्दल मात्र एक कटू निर्णय घेतला गेला. युद्धविराम पाळणाऱ्या संघटनांच्या शिक्षा झालेल्या कैद्यांना दोन वर्षांच्या आत सोडायचे ठरले. ही सुटका म्हणजे माफी नव्हती, कारण गुन्हा सिद्ध झाल्याची नोंद कायम राहत होती आणि जे पकडले गेले नव्हते त्यांच्यावरील खटल्यांचा मार्गही मोकळा होता. पुढे कोणी दोषी ठरला तरी त्याला जास्तीत जास्त दोन वर्षे तुरुंगात काढावी लागतील, एवढीच सवलत होती.

या भेदाचे वजन एका दिवसाच्या दोन घटनांतून कळते. २७ ऑगस्ट १९७९ रोजी भारताचे शेवटचे व्हाइसरॉय लॉर्ड माउंटबॅटन यांची नौका आयर्लंड प्रजासत्ताकातील मलाघमोर येथे आयआरएने बॉम्बने उडवली; त्यांच्यासह दोन किशोरवयीन मुले आणि एक वृद्धा असे एकूण चौघे प्राणाला मुकले. त्याच दिवशी उत्तर आयर्लंडमधील वॉरनपॉइंटजवळ दोन स्फोटांत अठरा ब्रिटिश सैनिक ठार झाले. माउंटबॅटन यांच्या हत्येबद्दल एकाला जन्मठेप झाली आणि १९९८ मध्ये करारानुसार तो सुटला, म्हणजे त्या कुटुंबाला गुन्हेगाराला मोकळा फिरताना पाहावे लागले, पण गुन्हेगार कोण हे तरी न्यायालयाने सांगितले होते. वॉरनपॉइंटच्या अठरा जणांच्या खुनाबद्दल कोणालाही शिक्षा झालेली नाही. तेथील बॉम्ब पाण्यापलीकडून, म्हणजे प्रजासत्ताकाच्या हद्दीतून उडवले गेले होते, आणि त्यामुळे त्या तपासाचे धागे तेव्हाही दोन सरकारांच्या हातांत विभागलेले होते आणि आजही आहेत.

करारानंतरच्या दोन दशकांत या प्रश्नावर उपायांची रांगच लागली. २००५ मध्ये उत्तर आयर्लंडच्या पोलीस दलात जुन्या प्रकरणांसाठी खास पथक स्थापन झाले, पण सैनिकांच्या हातून झालेल्या मृत्यूंना ते वेगळी, सौम्य फूटपट्टी लावते असे २०१३ मध्ये पोलीस निरीक्षक यंत्रणेने नोंदवले आणि पुढच्या वर्षी ते गुंडाळले गेले. त्याआधी २००९ मध्ये एका सल्लागार गटाने प्रत्येक मृताच्या कुटुंबाला बारा हजार पौंड द्यावेत असे सुचवले होते. मारणारा आणि मारला गेलेला यांच्या कुटुंबांना एकाच तराजूत तोलल्याच्या संतापात त्या अहवालातील इतर चांगल्या सूचनाही वाहून गेल्या. अखेर २३ डिसेंबर २०१४ रोजी दोन्ही सरकारे आणि उत्तर आयर्लंडमधील बहुतेक प्रमुख पक्ष यांच्यात ‘स्टॉरमाँट हाउस’ करार झाला. त्यात खुनांच्या तपासासाठी पोलिसांपासून स्वतंत्र यंत्रणा, खटल्यात वापरता येणार नाही अशा गोपनीय माहितीच्या देवाणघेवाणीसाठी वेगळा आयोग आणि लोकांच्या आठवणी जपणारे मौखिक इतिहासाचे दालन अशी विभागणी होती. न्याय हवा असणाऱ्याला न्यायाची वाट आणि केवळ सत्य हवे असणाऱ्याला सत्याची वाट, असा विचार त्यामागे होता. आजवर सुचवल्या गेलेल्या सगळ्या योजनांत हीच सर्वांत शहाणपणाची होती. तिच्यासाठी लागणारा कायदा शंभर दिवसांत मांडू असे आश्वासन ब्रिटिश सरकारने जानेवारी २०२० मध्ये दिले आणि त्याच वर्षीच्या मार्चमध्ये ते मोडले.

आश्वासन मोडण्यामागे लंडनमधील राजकारण होते, पण केवळ राजकारण म्हणून ते झटकून टाकणेही बरोबर नाही. उत्तर आयर्लंडमध्ये अडीच लाखांहून अधिक ब्रिटिश सैनिकांनी सेवा बजावली, त्यांपैकी सातशेहून अधिक हल्ल्यांत मारले गेले, आणि सत्तरी ओलांडलेल्या माजी सैनिकांच्या दारात पोलीस जात असताना आयआरएचे लोक विधिमंडळात बसले आहेत ही भावना ब्रिटनमध्ये खोलवर रुजली होती. तिला खतपाणी घालणाऱ्या गोष्टीही घडल्या होत्या. १९८२ मध्ये लंडनच्या हाइड पार्कमध्ये चार सैनिकांचा बळी घेणाऱ्या स्फोटाचा खटला २०१४ मध्ये कोसळला, कारण आरोपीला ‘पोलिसांना तुम्ही नको आहात’ असे पत्र सरकारी यंत्रणेने चुकीने दिले होते, आणि अशी पत्रे सुमारे दोनशे जणांना गुपचूप दिली गेल्याचे त्या वेळी उघड झाले. सैनिकांवरील खटले थांबवण्याचे वचन हुजूर पक्षाने मतदारांना दिले. परंतु फक्त सैनिकांना माफी देणारा कायदा न्यायालयात टिकणार नाही हे स्पष्ट असल्याने जो मार्ग निघाला तो सर्वांनाच, म्हणजे आयआरएच्या बॉम्ब पेरणाऱ्यालाही, संरक्षण देणारा होता. उत्तर आयर्लंडमधील एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे सगळे प्रमुख पक्ष या एका कायद्याला एकमुखाने विरोध करू लागले, याचे कारण येथे आहे.

वारसा कायद्याने तीन गोष्टी केल्या. पहिली म्हणजे ‘सशर्त अभय’: संघर्षकाळातील गुन्ह्यात सहभागी असलेल्या व्यक्तीने या कायद्याने स्थापलेल्या नव्या आयोगाकडे अर्ज करून आपल्या माहितीप्रमाणे खरी हकीकत सांगितली, तर त्या गुन्ह्याबद्दल तिच्यावर पुन्हा कधीही खटला भरता येणार नाही. भारतीय न्यायालयांत ‘माफीचा साक्षीदार’ असतो, पण त्याला साथीदारांविरुद्ध खुल्या न्यायालयात साक्ष द्यावी लागते, उलटतपासणीला तोंड द्यावे लागते आणि खोटे बोलल्यास माफी गमवावी लागते. येथे खुल्या साक्षीची, पश्चात्तापाची किंवा मृताच्या कुटुंबाच्या संमतीची अट नव्हती, आणि अटी पुऱ्या झाल्या की अभय देणे आयोगाला बंधनकारक होते. दुसरी गोष्ट अशी की १७ मे २०२२ नंतर दाखल झालेले नुकसानभरपाईचे दावे बाद ठरले. या तारखेला विधेयक संसदेत मांडले गेले होते, आणि डब्लिन व मोनाहन येथे ब्रिटननिष्ठ संघटनेने तेहतीस जणांचा बळी घेतला त्या १९७४ च्या स्फोटांचा तो स्मृतिदिन होता; तारीख निवडणाऱ्यांना याचे भान नसावे, पण आयर्लंडमध्ये ते सर्वांना होते.

तिसरी गोष्ट सर्वांत कठोर होती. १ मे २०२४ पर्यंत पूर्ण न झालेल्या ‘इन्क्वेस्ट’ बंद करण्यात आल्या. इन्क्वेस्ट म्हणजे संशयास्पद मृत्यू कसा, कोठे आणि कोणत्या परिस्थितीत झाला हे ठरवणारी न्यायिक चौकशी. ती चालवणाऱ्या अधिकाऱ्याला कोरोनर म्हणतात, आणि मुंबईतही ब्रिटिश काळापासून विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत कोरोनरचे न्यायालय होते, हे जुन्या वाचकांना आठवत असेल. कोरोनर कोणाला शिक्षा देत नाही, पण तो कागदपत्रे मागवू शकतो, साक्षीदारांना शपथेवर बोलावू शकतो आणि कुटुंबाच्या वकिलांना प्रश्न विचारू देतो. याचे मोल बेलफास्टमधील बॅलीमर्फी प्रकरणाने दाखवून दिले. १९७१ च्या ऑगस्टमध्ये तीन दिवसांत त्या वस्तीत दहा जण मारले गेले, त्यांच्यात एक धर्मगुरू आणि आठ मुलांची एक आई होती, आणि ते बंदूकधारी होते असे सैन्याकडून सांगितले गेले. पन्नास वर्षे मुलाबाळांनी हा कलंक वाहिल्यानंतर ११ मे २०२१ रोजी न्यायमूर्ती शिवॉन कीगन यांनी इन्क्वेस्टच्या निकालात ते सर्व पूर्णपणे निर्दोष असल्याचे जाहीर केले. कोणीही तुरुंगात गेले नाही, तरी त्या कुटुंबांना जे हवे होते त्यातले बरेचसे त्यांना त्या दिवशी मिळाले. जी यंत्रणा हे देऊ शकते तीच कायद्याने बंद करावी आणि त्या कायद्याच्या नावात ‘समेट’ हा शब्द घालावा, यातील अन्याय समजायला कायद्याचे ज्ञान लागत नाही.

ब्रिटिश मंत्र्यांनी आपल्या बाजूने दक्षिण आफ्रिकेच्या सत्य व समेट आयोगाचा दाखला वारंवार दिला, पण तो दाखला त्यांच्याच विरुद्ध जातो. तेथे माफीची कल्पना वर्णद्वेषी राजवटीच्या अखेरीस सर्व बाजूंनी वाटाघाटी करून स्वीकारली होती. गंभीर गुन्ह्यांच्या अर्जांची सुनावणी जाहीरपणे होत असे, पीडितांना अर्जदाराला प्रश्न विचारता येत असत, आणि सात हजारांहून अधिक अर्जांपैकी केवळ साडेआठशेच्या आसपास मंजूर झाले. ब्रिटनचा कायदा एका सरकारने, पीडितांच्या संघटनांचा, उत्तर आयर्लंडच्या प्रतिनिधींचा आणि शेजारी राष्ट्राचा विरोध डावलून केलेला होता. अभयाची तरतूद संसदेच्या वरिष्ठ सभागृहाने म्हणजे लॉर्ड्सने गाळली असताना कॉमन्सने ती पुन्हा घातली. ज्या सैन्याच्या, पोलिसांच्या आणि गुप्तचर विभागाच्या कृत्यांची चौकशी व्हायची त्यांचेच सरकार चौकशीचा शेवट ठरवत होते, ही या कायद्याची मूळ खोट आहे.

आयर्लंडचा कायदेशीर मुद्दाही येथेच होता. युरोपीय मानवी हक्क करारनाम्याचे दुसरे कलम जगण्याचा हक्क देते, आणि स्ट्रासबर्गच्या न्यायालयाने २००१ मध्ये उत्तर आयर्लंडच्याच काही प्रकरणांत सांगितले आहे की या हक्कात मृत्यूचा स्वतंत्र व परिणामकारक तपास करण्याचे सरकारचे कर्तव्यही येते. गुड फ्रायडे करारात ब्रिटनने हा करारनामा उत्तर आयर्लंडच्या कायद्यात आणून लोकांना थेट न्यायालयात दाद मागता येईल असे वचन दिले होते. तो करार दोन देशांमधला असल्यामुळे त्या वचनाचा भंग ही ब्रिटनची अंतर्गत बाब राहत नाही. डब्लिनने, म्हणजे आयर्लंडच्या सरकारने, याआधीही हे न्यायालय गाठले होते. १९७१ मध्ये विनाखटला स्थानबद्ध केलेल्या काही माणसांना डोक्यावर पिशवी चढवून भिंतीशी उभे करणे, सतत कर्कश आवाज ऐकवणे, झोप, अन्न आणि पाणी तोडणे अशा पाच पद्धतींनी ब्रिटिशांनी छळले, त्याबद्दल आयर्लंडने तक्रार केली आणि १९७८ मध्ये न्यायालयाने ही वागणूक अमानुष व अवमानकारक ठरवली, मात्र तिला ‘यातना’ म्हणण्याचे नाकारले.

तक्रारीचा निर्णय जाहीर झाल्यावर ब्रिटिश मंत्र्यांनी उलट विचारले की १९९८ नंतर आयर्लंडने स्वतः जुन्या गुन्ह्यांच्या तपासासाठी असे कोणते कष्ट घेतले. हा प्रश्न चिडून विचारलेला असला तरी खोटा नव्हता. आयआरएचे आश्रयस्थान, शस्त्रसाठे आणि पळवाटा बऱ्याच प्रमाणात प्रजासत्ताकाच्या हद्दीत होत्या; १९८९ मध्ये उत्तर आयर्लंडच्या दोन वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांच्या खुनात आयरिश पोलीस दलातील कोणाचा तरी हात होता, असा निष्कर्ष आयर्लंडच्याच स्मिथविक न्यायाधिकरणाने २०१३ मध्ये काढला. ५ जानेवारी १९७६ रोजी किंग्जमिल येथे कामावरून परतणारी मिनीबस अडवून दहा प्रॉटेस्टंट कामगारांना रस्त्यावर गोळ्या घालण्यात आल्या. त्यांच्या मृत्यूंची इन्क्वेस्ट एप्रिल २०२४ मध्ये संपली, तोवर डब्लिनकडून कागदपत्रे पुरेशी आणि वेळेवर मिळाली नाहीत ही त्या कुटुंबांची तक्रार कायम होती. लंडनवर जे कर्तव्य चुकवल्याचा आरोप डब्लिन करते, ते कर्तव्य डब्लिननेही अर्धेमुर्धेच बजावले आहे, आणि हे मान्य केल्याने आयर्लंडच्या तक्रारीचे बळ घटत नाही.

कायद्याची पहिली पडझड मात्र स्ट्रासबर्गमध्ये नव्हे तर बेलफास्टमध्ये झाली. पीडितांच्या नातलगांच्या अर्जांवर २८ फेब्रुवारी २०२४ रोजी तेथील उच्च न्यायालयाने सशर्त अभयाची तरतूद मानवी हक्कांशी विसंगत ठरवली, आणि आयोगाचे काम १ मे रोजी सुरू होण्यापूर्वीच हा निकाल आल्याने प्रत्यक्षात एकालाही अभय मिळाले नाही. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये अपील न्यायालयाने आणखी एक दोष दाखवला: आयोगाला सापडलेली संवेदनशील माहिती कुटुंबांना द्यायची की नाही, याचा शेवटचा शब्द मंत्र्यांकडे ठेवलेला होता. दरम्यान जुलै २०२४ मध्ये सत्तेवर आलेल्या मजूर पक्षाने अभयाबाबतचे अपील मागे घेतले, कायदा बदलण्याचे ठरवले आणि डब्लिनशी बोलणी पुन्हा सुरू केली.

या बोलण्यांतून १९ सप्टेंबर २०२५ रोजी संयुक्त आराखडा आला. तो ब्रिटनचे उत्तर आयर्लंडमंत्री हिलरी बेन आणि आयर्लंडचे उपपंतप्रधान सायमन हॅरिस यांनी जाहीर केला, आणि त्याच्या आधारे १४ ऑक्टोबर २०२५ रोजी नवे विधेयक ब्रिटिश संसदेत मांडले गेले. अभय रद्द, आयोगाची पुनर्रचना, अर्धवट थांबवलेल्या इन्क्वेस्टपैकी काही पुन्हा सुरू, माहितीसाठी स्वतंत्र संस्था, आणि माजी सैनिकांना साक्षीसाठी उत्तर आयर्लंडला जावे लागणार नाही अशी काही संरक्षणे, असे त्याचे स्वरूप आहे. आयर्लंडने आपल्या पोलीस दलात खास पथक नेमण्याचे, साक्षीपुराव्याची वाट कायद्याने मोकळी करण्याचे आणि अडीच कोटी युरो देण्याचे मान्य केले. थोडक्यात, २०१४ च्या कराराकडे अकरा वर्षांनी परतण्याचा हा प्रयत्न आहे. त्या अकरा वर्षांत किती आईवडील, किती साक्षीदार आणि किती संशयित मरण पावले याची भरपाई कोणतेही विधेयक करू शकत नाही. १९७२ च्या डेरीमधील ‘ब्लडी संडे’ गोळीबाराबद्दल एका माजी सैनिकावर चाललेला खटला २३ ऑक्टोबर २०२५ रोजी निर्दोष सुटकेने संपला, कारण त्रेपन्न वर्षांनी हाती उरलेला पुरावा गुन्हा सिद्ध करण्यास पुरेसा नव्हता. उशिराचा अर्थ काय असतो, हे त्या निकालात लिहिलेले आहे.

नव्या विधेयकावरही सगळे खूश नाहीत. ब्रिटननिष्ठ पक्षांना डब्लिनचा सहभाग खुपतो, माजी सैनिकांच्या संघटनांना संरक्षणे अपुरी वाटतात आणि पीडितांच्या बाजूचे वकील राष्ट्रीय सुरक्षेच्या नावाखाली माहिती रोखण्याचा मंत्र्यांचा अधिकार अजून शिल्लक असल्याकडे बोट दाखवतात. यांतला तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. खबऱ्यांना वाचवण्यासाठी गुप्तचर यंत्रणांनी कोणते खून होऊ दिले, हा उत्तर आयर्लंडमधील सर्वांत अस्वस्थ करणारा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर ज्या कागदांत आहे त्यांची चावी त्या यंत्रणांच्या मंत्र्याकडे राहिली तर तपास स्वतंत्र आहे असे कुटुंबे मानणार नाहीत, आणि त्यांनी मानूही नये. तेव्हा ब्रिटिश संसदेने हा अधिकार न्यायालयाच्या देखरेखीखाली आणावा. स्ट्रासबर्गमधील तक्रार मागे घेण्याचा विचार कायदा संमत होऊन प्रामाणिकपणे अमलात आल्यावरच करण्याची आयर्लंडची भूमिका योग्य आहे. मात्र आपले तपास पथक आणि आपली दप्तरे डब्लिनने ब्रिटिश संसदेतील मतदानाची वाट न पाहता आजच खुली करावीत, कारण किंग्जमिलच्या कुटुंबांना ती दाखवण्यासाठी लंडनची परवानगी लागत नाही.